हवेचा हिशेब

(स्वान्ते अऱ्हेनिअस हे स्वीडन देशातील थोर रसायनशास्त्रज्ञ. जन्म १८५९, मृत्यू १९२७. कोळशाच्या धुरातून हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल, याचे गणित त्यांनी प्रथम मांडले. त्यांच्या जीवनाची आणि या गणिताची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे गाव तुम्हांला माहीत असेल. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे हे नाव साऱ्या देशात पोहोचले. पण आनंदवनाच्या कितीतरी आधी वरोऱ्याची ओळख वेगळी होती. ती कोळशाची होती. १८७० नंतरच्या दशकात येथे कोळशाची सरकारी खाण सुरू झाली. कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग घातला गेला. त्या काळी रेल्वेची इंजिने कोळशावर चालत आणि कापडाच्या गिरण्यांनाही कोळसा लागे. १९०६ मध्ये वरोऱ्याची ती जुनी खाण बंद झाली. परंतु वर्धा नदीच्या खोऱ्यात माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या भागांत कोळशाचे काम पुढे वाढतच गेले.

हा कोळसा म्हणजे काय? २५ कोटी वर्षांपेक्षाही आधी या भागात दलदलीची घनदाट जंगले होती. ती झाडे कोसळली, गाळाखाली दबली आणि लाखो वर्षांनी त्यांचा कोळसा झाला. त्या झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन असा जमिनीत बंद होऊन राहिला. आपण कोळसा जाळतो तेव्हा तोच कार्बन पुन्हा हवेत जातो. तेथे तो ऑक्सिजनशी मिळून कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. १२ किलो कार्बन जळताना हवेतील ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा काळा लोट विरून जातो आणि आपल्याला वाटते, संपले सारे. प्रत्यक्षात हा वायू हवेतच असतो.

वरोऱ्याच्या खाणीतून कोळशाच्या गाड्या भरून जात होत्या, त्याच काळात दूर स्वीडन देशात एक शास्त्रज्ञ या न दिसणाऱ्या वायूचा हिशेब करीत बसला होता. त्याचे नाव स्वान्ते अऱ्हेनिअस.

स्वान्तेचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी झाला. त्याचे वडील जमीन मोजणीचे काम करीत. पुढे ते उप्साला येथील विद्यापीठात नोकरीला लागले आणि घर त्या शहरात आले. वयाच्या तिसऱ्या वर्षी स्वान्ते कोणी न शिकवता वाचू लागला. वडील जमाखर्चाच्या वह्यांत आकड्यांची बेरीज करीत, तेव्हा हा लहान मुलगा शेजारी बसून पाहत असे. पाहता पाहता त्याला आकड्यांची गोडी लागली. पुढे आयुष्यभर ती टिकली. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत तो चमकला. १८७६ मध्ये शालेय शिक्षण संपवून तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला.

विद्यापीठात मात्र त्याचे मन रमले नाही. म्हणून १८८१ मध्ये तो राजधानी स्टॉकहोम येथे गेला आणि तेथे प्रयोग करू लागला. मीठ पाण्यात विरघळवले की त्या पाण्यातून वीज का वाहते, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्याने निष्कर्ष काढला की, पाण्यात मिठाचे विजेचा भार असलेले बारीक कण सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. १८८४ मध्ये त्याने या विषयावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर केला.

परीक्षकांना ही कल्पना पटली नाही. त्यांनी प्रबंध नाकारला नाही, पण अगदी खालचा दर्जा देऊन कसाबसा मान्य केला. अशा दर्जावर विद्यापीठात शिकवण्याची संधी मिळणे कठीण होते. पंचवीस वर्षांच्या तरुणाला हा घाव केवढा मोठा वाटला असेल! पण अऱ्हेनिअस खचून गेले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्यांपैकी ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाला त्या कामाचे मोल कळले आणि तो स्वतः या तरुणाला भेटायला उप्सालाला आला. हळूहळू जगाने ती कल्पना स्वीकारली. ज्या कामाला परीक्षकांनी खालचा दर्जा दिला होता, त्याच कामासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनिअस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होते.

आता आपण पुन्हा हवेच्या हिशेबाकडे वळू. १८९१ पासून अऱ्हेनिअस स्टॉकहोमच्या उच्च शिक्षणसंस्थेत शिकवू लागले. त्या वेळी तेथील शास्त्रज्ञांत एका प्रश्नाची चर्चा चालली होती. फार प्राचीन काळी युरोपचा उत्तर भाग बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता. या काळाला हिमयुग म्हणतात. हिमयुग का आले आणि का गेले? पृथ्वी एवढी थंड कशी झाली आणि पुन्हा उबदार कशी झाली?

पृथ्वीच्या उबेचे एक कारण शास्त्रज्ञांना ठाऊक होते. सूर्याचा प्रकाश हवेतून आरपार येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन उष्णता परत वर सोडते. ही उष्णता मात्र हवेतून सहज निसटत नाही. हवेतील पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड तिचा काही भाग अडवतात. थंडीच्या रात्री आपण गोधडी किंवा रजई पांघरतो, तसे हे वायू म्हणजे पृथ्वीचे पांघरूण आहे. हे पांघरूण नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते. आज ते सुमारे १५ अंश आहे. म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड हा काही आपला शत्रू नव्हे. तो हवेत फार थोडा आहे, पण त्या थोड्यावरच आपले जगणे अवलंबून आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

अऱ्हेनिअस यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. पांघरूण जाड झाले तर पृथ्वी किती अंशांनी तापेल? पातळ झाले तर किती अंशांनी थंड होईल? इतर शास्त्रज्ञ यावर केवळ चर्चा करीत होते. अऱ्हेनिअस यांना उत्तर आकड्यांत हवे होते.

१८९४ च्या डिसेंबर महिन्यात त्यांनी काम सुरू केले. त्या वेळी संगणक नव्हते. हवा उष्णता किती अडवते, हे मोजण्याची पुरेशी साधनेही त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून त्यांनी अमेरिकेतील लँगली या खगोलशास्त्रज्ञाची मोजमापे वापरली. लँगली यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजली होती. तुम्ही ईदचा चंद्र क्षितिजाजवळ शोधता. क्षितिजाजवळच्या चंद्राचे किरण हवेच्या जाड थरातून आपल्यापर्यंत येतात. चंद्र डोक्यावर असला की त्यांची हवेतील वाट लहान होते. या दोन्ही वेळी किती उष्णता पोहोचली, याची तुलना केली की हवेने किती अडवली ते कळते. अऱ्हेनिअस यांनी त्यातूनच आपल्या हिशेबाला लागणारे आकडे काढले.

मग त्यांनी पृथ्वीचे उत्तर-दक्षिण असे पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यासाठी चारही ऋतूंचे गणित केले. हवेतील वायू कमी धरून एकदा, दीडपट धरून एकदा, दुप्पट, अडीचपट, तिप्पट धरून पुन्हा पुन्हा, असे हजारो हिशेब त्यांनी हाताने सोडवले. हे काम सुमारे वर्षभर चालले. याच काळात त्यांचा संसार मोडला. पत्नी लहान मुलाला घेऊन वेगळी झाली. घरात ते एकटे राहिले, पण गणित त्यांनी सोडले नाही.

१८९६ मध्ये हे संशोधन छापून आले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड निम्म्याच्या जवळपास उतरला तर पृथ्वी चार ते पाच अंशांनी थंड होईल, असे त्यातून दिसले. हिमयुगाला एवढी थंडी पुरेशी होती. आणि हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल, असेही उत्तर निघाले. पुढे त्यांनी स्वतःच हा आकडा सुधारून चार अंशांच्या आसपास आणला. आज प्रचंड संगणक वापरून शास्त्रज्ञ सांगतात की, ही वाढ बहुधा अडीच ते चार अंश असेल. कागद-पेन्सिलीने केलेला हिशेब सव्वाशे वर्षांनंतरही किती जवळ आहे, पाहा! अऱ्हेनिअस यांनी आणखीही काही गोष्टी सांगितल्या होत्या. ध्रुवांकडचा भाग जास्त तापेल, उन्हाळ्यापेक्षा हिवाळा आणि दिवसापेक्षा रात्र अधिक बदलेल. त्याही बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या आहेत.

पण हा वायू हवेत वाढेल तरी कसा? याचे उत्तर त्यांना ह्योगबोम या सहकाऱ्याच्या अभ्यासात मिळाले. ज्वालामुखी, समुद्र, खडक आणि झाडे यांच्यामध्ये कार्बन कसा फिरतो, याचा ह्योगबोम यांनी अभ्यास केला होता. माणूस जाळत असलेला कोळसाही त्यांनी मोजला होता. तेव्हा जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत होता. त्यातला काही कोळसा आपल्या वरोऱ्याचाही होता. हवेतील एकूण वायूच्या मानाने ही भर हजारात एक भाग एवढीच होती. शिवाय त्यातील बराचसा वायू समुद्र शोषून घेईल, असे अऱ्हेनिअस यांना वाटले. त्यामुळे हवेत लक्षात येण्याजोगा फरक पडायला हजारो वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

त्यांना याची भीतीही वाटली नाही. स्वीडन हा कडाक्याच्या थंडीचा देश आहे. पृथ्वी थोडी उबदार झाली तर थंड देशांत पिके चांगली येतील, असे त्यांना वाटे. चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात जो राहतो, त्याला असे वाटले नसते. येथे उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. रस्त्यावर, खाणीत, शेतात काम करणाऱ्या माणसाला आणखी एक अंशसुद्धा जड जातो. एकच गोष्ट कोठून पाहिली यावर ती बरी की वाईट हे ठरते, हे येथे लक्षात घ्या.

अऱ्हेनिअस यांचा उष्णतेचा हिशेब बरोबर निघाला, मग चूक कोठे झाली? ती झाली काळाच्या अंदाजात. कोळसा जाळण्याचा वेग साधारण तसाच राहील, असे त्यांनी धरले होते. तो वेग वाढत असल्याचे पुढे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी हजारो वर्षांऐवजी काही शतके असे म्हटले. पण माणसाची भूक त्याहूनही वेगाने वाढली. आज जगात वर्षाला ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा जळतो. शिवाय खनिज तेल आणि नैसर्गिक वायू आहेतच. त्या काळी सारे जग मिळून जेवढा कोळसा जाळत होते, त्याच्या दुपटीहून अधिक आज एकटा भारत जाळतो.

अनेक वर्षे या हिशेबाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. काही शास्त्रज्ञांनी तो चुकीचाही ठरवला. २ ऑक्टोबर १९२७ रोजी अऱ्हेनिअस स्टॉकहोम येथे मरण पावले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर कार्बन डाय-ऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. अऱ्हेनिअस यांच्या तरुणपणी तो ३०० पेक्षाही कमी होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. त्यांनी ज्या फरकासाठी हजारो वर्षे धरली होती, तो जवळजवळ दीडपटीचा फरक अवघ्या सव्वाशे वर्षांत पडला.

त्याचे परिणाम आता दिसत आहेत. २०२४ हे मोजमापे सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने अधिक होते. हिमालयातील हिमनद्या मागे हटत आहेत. १९०० पासून समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर वर आली आहे. उबदार हवेत वाफ अधिक मावते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मध्येच लांब दडी मारतो. समुद्र हा वायू शोषतो खरा, पण त्यामुळे त्याच्या पाण्याची आम्लता वाढते आणि शिंपल्यांसारख्या जीवांना कवच बनवणे कठीण होते. या वायूमुळे झाडे भराभर वाढतात, हेही खरे आहे. पण गहू आणि तांदूळ यांतील लोह, जस्त आणि प्रथिने कमी होतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

मग खाणी आणि वीजकेंद्रे आजच बंद करावीत का? हे बोलणे सोपे आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या विजेवर दूरदूरच्या शहरांतील दिवे लागतात आणि कारखाने चालतात. कोळशावर हजारो कुटुंबांची रोजीरोटी आहे. ज्या कुटुंबाची भाकरी खाणीतून येते, त्याला आधी दुसरे काम दिले पाहिजे. पण हवा कोणासाठी थांबत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळवणे, वीज वाया न घालवणे आणि असलेले जंगल राखणे ही कामे आजच करायला हवीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानांतील साग आणि बांबू हवेतील कार्बन आपल्या खोडांत साठवतात. वाळलेल्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनच असतो. म्हणजे उभे जंगल हाही आपल्या जमेचा आकडा आहे.

मित्रांनो, तुम्हीही हा हिशेब करू शकता. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना सुमारे एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. घरी विजेचे बिल आले की त्यावरील युनिटांचा आकडा पाहा. वडिलांच्या शेजारी बसून वहीतील बेरजा पाहणाऱ्या एका मुलाने पुढे साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला. उष्णतेचे गणित त्याने आपल्याला सोडवून दिले आहे. माणसाने पुढे किती जाळायचे, हा आकडा मात्र त्याला ठरवता आला नाही. तो आपणच ठरवायचा आहे.

शब्दार्थ

दलदल – चिखलाची ओली जमीन
प्रबंध – एखाद्या विषयावरील अभ्यासपूर्ण लेखन, मकाला
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले अनुमान, नतीजा
हिमयुग – पृथ्वीचा मोठा भाग बर्फाने झाकला गेला तो काळ
प्रमाण – मिकदार
सरासरी – औसत
क्षितिज – आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा, उफक
ध्रुव – पृथ्वीचे उत्तर व दक्षिण टोक, कुतुब
दडी मारणे – बराच काळ न दिसणे
खचून जाणे – धीर सोडणे, हिंमत हारणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वरोऱ्याची जुनी कोळशाची खाण कोणत्या वर्षी बंद झाली?
(आ) लहानपणी स्वान्तेला आकड्यांची गोडी कशी लागली?
(इ) अऱ्हेनिअस यांना नोबेल पारितोषिक कोणत्या विषयासाठी मिळाले?
(ई) मौना लोआ पर्वतावर काय मोजले जाऊ लागले?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कार्बन डाय-ऑक्साइडला पृथ्वीचे पांघरूण का म्हटले आहे?
(आ) अऱ्हेनिअस यांचा काळाचा अंदाज का चुकला?
(इ) खाणी एकदम बंद करणे सोपे का नाही?

प्रश्न ३. वाक्यांत उपयोग करा.
खचून जाणे, दडी मारणे, गोडी लागणे, वाया घालवणे

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जाड, थंड, प्राचीन, कठीण, शत्रू

उपक्रम : घरातील तीन महिन्यांची विजेची बिले पाहा. कोणत्या महिन्यात युनिट जास्त लागले आणि का, ते घरच्यांना विचारून पाच वाक्यांत लिहा.